बेचाळीस पोरं आणि एक म्हातारी

...आणि वर विचारतात कसे, "मावशी, तुम्हाला रडू येतं का?" आता तुम्हीच सांगा, दारात सातवं कार्टं वही घेऊन उभं, चुलीवर रव्याचा कुसकुस वाफेला लावलेला, त्याचा होत चाललाय गोळा, आणि मी काय पदर लावून रडत बसू? अहो, एकटं वाटायला सवड तर मिळायला हवी ना!

झालं काय, तुम्हाला सांगते... शाळेत निबंधस्पर्धा. 'आजचे सामाजिक प्रश्न'. बारा-चौदा वर्षांची पोरं, आणि यंदाचा प्रश्न काय, तर 'वृद्धांचा एकटेपणा'! मुख्याध्यापिका दलंदाबाई, फार कडक हो, त्यांनी फर्मान काढलं, पुस्तकातनं उतरवायचं नाही, खऱ्या एकट्या म्हाताऱ्या माणसाला जाऊन भेटायचं. आता आमच्या बिझर्तमध्ये, जुन्या बंदरामागच्या या गल्लीत, खरं एकटं माणूस आणायचं कुठनं? घरोघरी आज्या, आजोबे, आत्या, पाय ठेवायला जागा नाही! उरलं कोण? मी. मन्नूबिया. वय एकाहत्तर, शिवणकाम सुटलेलं, नवरा अल्लाघरी, एक मुलगा लियाँला, दुसरा मॉन्ट्रियलला. झालं! बेचाळीस पोरं आणि एक म्हातारी!

सकाळी दोन, दुपारी चार... एक गेला की दुसरा. सगळ्यांचे प्रश्न तेच. "मुलांची आठवण येते का? किती येते? थोडी, मध्यम, की फार?" अरे, आठवण काय हरिसाची चटणी आहे, तिखट किती घालू म्हणून विचारतोस?

आणि तो गस्सान! औषधवाल्याचा मुलगा. फोन घेऊन आला. "मावशी, खिडकीतनं लांब बघा ना... उदास." बघितलं बाई. तेवढ्यात खालनं मासेवाला तय्यब चाललेला. मी ओरडले, "तय्यब, मेल्या, काल दिलेस ते मासे होते की चपलांचे तळवे?" गस्सान म्हणतो, "मावशी, उदास! उदास!" अहो, एकटं वाटायला सवड तर मिळायला हवी ना!

एकच पोरगी निराळी. युस्र. काडीसारखी, अबोल. वही उघडलीच नाही तिनं. मी रव्याचे मकरूद करत होते, ही हात धुऊन शेजारी बसली आणि खजूर भरायला लागली. मंगळवारी आली, शुक्रवारी आली, परत मंगळवारी... एक प्रश्न विचारील तर शपथ. मी म्हटलं, "अगं, निबंधाचं काय?" तर म्हणते, "मावशी, तेल तापलं."

मग बक्षीस समारंभ. मला पाहुणी म्हणून दुसऱ्या रांगेत बसवलेली. पहिला नंबर, गस्सान! आला, घसा खाकरला, वाचायला लागला. अहो, काय लिहिलं होतं पोरानं! ती खिडकी, तो समुद्र, ती आई रोज वाट बघतेय... दलंदाबाई डोळे पुसतायत, सगळं सभागृह मुसमुसतंय, मीही रडतेय की! आणि मग म्हणतो, "अखेर एके दिवशी त्या खिडकीतच मन्नूबियामावशीनं प्राण सोडला."

मी उभीच राहिले. "अरे मेल्या, मी इथे बसलेय!"

तर कार्टं वरनं काय म्हणतं? "मावशी, बसा ना, अजून एक परिच्छेद आहे!"

ते कुणीतरी फोनवर टिपलं, पोचलं लियाँला. मुलाचा फोन. "आई! आई, कशी आहेस?" म्हटलं, "वारले रे मी, पण बरी आहे." हसेल वाटलं. हसला नाही हो. पन्नाशीचा बाप्या, फोनवर हुंदके द्यायला लागला. मलाच त्याची समजूत घालावी लागली, "अरे, रडतोस काय, दुसरा नंबर आलेल्या निबंधात मी जिवंत आहे!"

आणि युस्रला? काही नाही. दलंदाबाई म्हणाल्या, "भाषा चांगली, पण विषयाला सोडून लिहिलंय." मी वही मागून घेतली. म्हटलं, बघू तरी. शेवटची दोनच वाक्यं सांगते. 'मावशी एकटी नाही, कारण मंगळवारी आणि शुक्रवारी मी असते. बाकीच्या दिवसांचं मी तिला विचारलं नाही.'

...विचारलं नाही. बरं केलं पोरीनं.

स्पर्धा संपली तशी दाराची कडीसुद्धा वाजेना. परवा रविवारी सवयीनं परातभर मकरूद केले, आणि दहा वाजले, अकरा वाजले... आता सवडच सवड, घ्या हवी तेवढी! युस्र येते, नाही असं नाही, मंगळवार-शुक्रवार चुकवत नाही. पण आठवड्याला मेले आणखी पाच दिवस असतात हो!

शेवटी काल डोक्यावरनं पांढरी सफसारी पांघरली आणि गेले शाळेत. म्हटलं, "दलंदाबाई, पुढल्या वर्षीचा प्रश्न कुठला?"

त्या म्हणाल्या, "प्लास्टिकचा कचरा."

मी म्हटलं, "पाठवा पोरांना माझ्याकडे. आजपासून साठवायला लागते."