बुश बदलण्याआधी

नाही नाही, मिस्त्री, तुम्ही मागेच बघा, आवाज मागून येतो — बाईंनी स्पष्ट सांगितलंय. म्हणजे मागे हादरे बसतात असं म्हणाल्या, मग आवाज मागूनच असणार ना, दुसरीकडून कुठून येणार? स्पीडब्रेकरवरून उतरताना खट्ट. चढताना नाही, उतरताना. आणि एक चाक खड्ड्यात गेलं, गाडी अशी एका अंगाला कलली की दोनदा, खट्ट खट्ट. मी? मी ऐकलाय की. गाडी मी चालवतो, मी नाही ऐकणार तर कोण ऐकणार. तुम्ही आधी तो तोंडावरचा रुमाल खाली घ्या बरं. इतकं उकडतंय आणि तुम्ही तोंड बांधून बसलात, जीव घुसमटत नाही का तुमचा? धूळ तर असणारच, गाडीखाली काय अत्तर सांडणारे. बोलताना खाली घ्या, बोलून झालं की परत वर. बाकी गॅरेज बरं आहे हो तुमचं, शांत आहे. आमचा आधीचा मिस्त्री होता तिथे नुसता गोंगाट, डोकं उठायचं. हसलात का? बरं, हसा.

तर काय सांगत होतो — हां, हादरे. बाई इतकी वर्षं मागे बसायच्या. मागे, डावीकडे, पर्स मांडीवर, चष्मा नाकावर. साहेब असल्यापासून ती त्यांची जागा. साहेब गेले, गाडी राहिली, मी राहिलो, जागा तीच. आणि मध्ये एक दिवस काय झालं कोण जाणे, सरळ पुढचं दार उघडलं आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. म्हटलं, बाई, मागे बसा ना. तर म्हणाल्या, मागे फार हादरे बसतात रे, मी आपली पुढेच बरी. तेव्हापासून पुढेच. आता तुम्ही म्हणाल, बसल्या तर बसल्या, तुझं काय जातं? जातं. माणूस शेजारी बसला की त्याचं लक्ष असतं आपल्यावर. आणि बाईंचं बसणं म्हणजे साधं नाही — काही सांगायचं झालं की अख्ख्या वळून माझ्याकडे तोंड करून सांगतात. मान अवघडेल या वयात. मध्येच डॅशबोर्डवर बोटांनी टकटक करतात, मध्येच हात असा डावीकडे दाखवतात. मला आधी वाटलं घाबरतात, वय झालं. मग वाटलं, गाणं शिकवायच्या ना, हाताला ताल धरायची सवय. तुम्ही हे बुश का काय ते बदला, आणि मग त्यांना फोन करून एवढंच सांगा, की बाई, आता निवांत मागे बसा, हादरा लागणार नाही. मी सांगून नाही पटणार त्यांना, मिस्त्रीनं सांगितलं की पटेल.

हा नमुना होय? द्या बघू हातात. एवढंसं रबर? अहो, मला वाटलं काहीतरी मोठं यंत्र असेल. म्हणजे हे दोन चाकांच्या मध्ये आडवा दांडा असतो, वळणावर गाडी कलू नये म्हणून — बरोबर? — आणि तो दांडा या रबरात आवळून बसवलेला असतो. रबर झिजलं, सैल झालं, की दांडा आपटतो. बस, एवढंच? एवढ्यासाठी माझी झोप उडाली होती. कारण ही गाडी कशी आहे, मिस्त्री, ही गाडी मुळात आवाज करतच नाही. काच वर केली की बाहेर बँड वाजवा, आत पत्ता लागणार नाही. तिच्यात आवाज आलाच तर तो ऐकायला बाईंसारखे कान लागतात. आत कढईत भाजी ढवळत असायच्या आणि बाहेरच्या खोलीत एखादी पोरगी जरा सुरात घसरली की आतून ओरडायच्या, खाली गेलीस, वर ये. आजही तसेच कान आहेत. शेजारच्यांच्या फ्रिजचा आवाज बदलला, तो यांनी सांगितला त्यांना. मी तर म्हणतो देव एकेकाला एवढं देतो, दुसऱ्याला थोडं दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

ही? ही चष्म्याची डबी. खिशात असते. हो, चष्मा डोळ्यावर आहे, हा दुसरा. वाचायचा. तुमचं लक्ष बरं असतं लोकांच्या खिशाकडे. तुम्ही बुशचं बघा. रविवारी बाईंचा पुतण्या येतोय, त्याच्या आत झालं पाहिजे. तो आला की पहिलं गाडीत बसतो, एक चक्कर मारतो आणि मग काकूच्या कानाशी लागतो — काकू, ड्रायव्हर म्हातारा झाला, मी एक तरुण मुलगा पाठवतो, त्याला सगळं येतं, फोनवर नकाशा बघून चालवतो. मी तिथे उभा असतो हो, पुढ्यात. आणि बाई काहीतरी उत्तर देतात. नेमकं त्या वेळी खाली बघून देतात, त्यामुळे काय म्हणतात ते — ते जाऊ दे. तर आता गाडी खट्ट खट्ट वाजताना त्याला सापडली तर तो म्हणणार, बघ, याला एवढंही कळत नाही. आणि चावी गेली माझी. घरी बसून मी काय करू? बायकोला भाजी निवडून देऊ? मला दुसरं काही येत नाही, मिस्त्री, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही नकोच आहे. बरं, तुम्ही करा काम, मी समोर चहा घेऊन येतो. तुम्हाला आणू? नको? बरं.

हे काय, गाडी खाली आली पण? मानलं तुम्हाला, माझा चहा संपतोय तोवर काम फत्ते. काय? हो हो, चला की, राहू द्या तो रुमाल, चला. मी चालवतो, तुम्ही बसा शेजारी. बघा, वळणावर कशी धरून चाललीये रस्ता. सकाळी अशी नव्हती, सकाळी तिचं अंग जड होतं, मला हाताला कळत होतं. आता हा तुमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर — चढली — आणि उतरली. बघितलंत? काही नाही. शब्द नाही. मिस्त्री, तुमच्या हाताला जस आहे. थांबा, पुढे तो खड्डा आहे ना, डावं चाक मुद्दाम घालतो त्याच्यात — हं. काही नाही. एकदम शांत. बाईंना आज संध्याकाळीच घेऊन निघतो, मागे बसवून. नुसत्या खूश होतील. आणि पुतण्या बसला तर त्याला म्हणावं, आता काढ खोड. असे काय बघताय माझ्याकडे?

आलं गॅरेज, उतरा. काय झालं? हे पाकीट कशाचं? बुशचं. हां, मग? अहो, सील फोडलेलंच नाही, हे तर बंद आहे. जास्तीचे आले का? नाही? मग गाडीत बसवले ते कुठले?

रुमाल खाली घ्या, मिस्त्री. माझ्याकडे तोंड करा आणि हळू बोला.

खोलायच्या आधी एकदा आवाज ऐकून घेऊ. असं म्हणाला होतात, मी चहावरून आलो तेव्हा. आणि मी हो म्हणालो. म्हणणारच. मी सगळ्यालाच हो म्हणतो. आणि वाजला? दोन्ही वेळा? खड्ड्यात तर तुमची कवळी हलली असेल, अं? आणि मी आपला म्हणतोय, शब्द नाही. हसू नका. हसत नाहीये म्हणता, बरं. हसलात तरी चालेल, मलाच हसू येतंय.

नाही येत ऐकू. ते खट्ट खट्टसुद्धा बाईंनीच सांगितलेलं. अगदी दगड नाही झालो, माणूस समोर असला, तोंड दिसलं, की कळतं सगळं. पाठमोरा बोलला की गेलं. म्हणून तर एवढा बोलतो मी. मी बोलत राहिलो की पुढच्याला विचारायला जागाच राहत नाही, आणि त्यानं विचारलं नाही तर मला ऐकावं लागत नाही. बायको म्हणते, लग्न झालं तेव्हा तुमच्या तोंडून शब्द ओढून काढायला लागायचा, आता थांबायचं नाव नाही. तिनंच हे आणलं हट्टानं — हो, चष्म्याची नाहीच ही डबी, कानाचं यंत्र आहे. खिशात घेऊन हिंडतो, घालत नाही. घातलं की दिसणार. दिसलं की पुतण्या म्हणणार, बहिरा ड्रायव्हर. तुम्ही बाईंना सांगू नका. एवढं करा माझ्यासाठी. मागचे बुश बदला, त्यांना मागे बसवा, आणि माझ्याकडे बघत बसणारं शेजारी कोणी नको. संपला विषय.

काय? पुढचे? परत बोला. पुढचे बुश गेलेत? नाही हो, मागचे, हादरे मागे बसतात ना — मागचे नव्यासारखे आहेत? बघितलेत तुम्ही नीट, हात लावून?

म्हणजे आवाज पुढे. पायाखालीच. म्हणजे मागे बसलं तर कमी लागेल, आणि पुढे बसलं तर सगळं अंगावर. त्या कानांनी. आणि त्या उठून पुढे येऊन बसल्या, आणि मला म्हणाल्या मागे हादरे बसतात.

थांबा. जरा स्टूल द्या. पाणी नको.

मध्ये एकदा रुग्णवाहिका आली होती पाठीमागून. बाईंनी हात असा डावीकडे केला, मी बघितलं, गाडी कडेला घेतली, ती गेली निघून. घरी येऊन बायकोला ऐटीत सांगितलं, मला आरशात लांबूनच दिसली होती. नव्हती दिसली. आता सांगतो, नव्हती दिसली, मला फक्त बाईंचा हात दिसला होता. ती डॅशबोर्डवरची टकटक — मागून कोणी हॉर्न दिला की असणार. आणि मी म्हणत होतो ताल धरतात. आणि वळून बोलणं. आणि हल्ली मला फोन करत नाहीत, स्वतः फाटकापर्यंत चालत येतात, त्या गुडघ्यांनी, आणि मी मनात म्हणतो, म्हातारीला फोन लावता येईना झालाय. शरम वाटते हो. कधीपासून माहीत असेल त्यांना? आणि पुतण्याला खाली बघून उत्तर देतात ते काय देत असतील? त्याला सांगितलं असतं तर मी आज इथे उभा नसतो. नाही सांगितलेलं.

पाना खाली ठेवा. खोलू नका अजून. पाकीटही राहू द्या तसंच. एक चक्कर मारू परत, तोच रस्ता, तोच खड्डा. अहो, वेळ जातोय तर जाऊ दे. तुम्ही ते बदलून टाकलंत की गेला तो आवाज कायमचा, आणि बाई रोज शेजारी बसून काय सोसत होत्या ते मला कधीच कळणार नाही. थांबा, आधी हे घालू दे. सवय नाही ना, बसत नाहीये. हे असं आत, आणि हे मागे — बसलं.

अरे बापरे. मिस्त्री, हा केवढा कलकलाट आहे तुमच्या गॅरेजात? ते काय ओरडतंय कोपऱ्यात, कंप्रेसर? सकाळपासून? आणि मी तुम्हाला शांत म्हणालो. हळू बोला, ओरडू नका आता, येतंय ऐकू. हे घालूनच जाणार बाईंना आणायला. पुतण्याला बघू दे, काय म्हणायचं ते माझ्या कानात म्हणू दे. चला. नाही, तिकडून नाही, तुम्ही मागे बसा. पुढे बाई बसतात.

दार लावलंत? हो, ऐकलं. गल्ली लागली. तो बघा स्पीडब्रेकर. आता तुम्ही एक शब्द बोलू नका, मीही बोलत नाही.