नामदेवची फ्रेंच

आमच्या नामदेवची फ्रेंच तुमाले माईत नसन. मोठ्या लढाईत तो फ्रान्सात खच्चरं हाकत होता. परत आल्यावर अख्ख्या शेलूबाजारात ते भाषा येनारा तो एकटाच, म्हनून त्याले तपासनारं कोनी नव्हतं.

एक दिवस एका फ्रेंच सायबाच्या मोटारीच्या स्प्रिंगचा पाटा माह्या लोहारकामाच्या भट्टीसमोरच तुटला. त्याले वाशीमले संध्याकाळची रेल्वे धरायची होती. नामदेव मिशीले पीळ देत आला. "साहेब इचारते, किती वेळ लागन?"

मी म्हनलं, "काम एका घंट्याचं हाय. पन पहिले ह्या बंडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतो, मंग हात लावतो."

नामदेवनं एवढ्या बोलन्याचे तीन शब्द केले. "दां झ्यून अर!"

साहेब खूश. त्यानं वाशीमले जानारी सवाऱ्यांची सर्विस मोटार समोरून जाऊ देली अन् निंबाखाली जाऊन बसला.

घंट्याभरानं आला, तं मी नुकताच पाटा भट्टीत टाकला होता. साहेब लालेलाल! त्याच्या शिव्याही नामदेवलेच समजावून सांगा लागल्या. "तो म्हनते, कामाले एक घंटा लागते तं 'आं न्यून अर' म्हनाव. 'दां' म्हनलं का आतापासून एका घंट्यानं तयार."

"मंग तू 'दां' काहून म्हनला?"

"अबे, तीन साल राह्यलो मी तिकडं!"

रेल्वे गेली. साहेब दुसऱ्या दिवशी गेला. नामदेव आजही सांगते, "मानूस चांगला होता बिचारा. फ्रेंच तेवढी कच्ची होती त्याची."