तिरल्याच्या शाळेतलं हृदय

चालता गेम बंद पडला तर तुम्ही संशय कुणावर घ्याल? आम्ही फोनवर घेतला, नेटवर घेतला, एकमेकांवर घेतला. आईवर कोण घेणार?

इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी मी आणि नीलेशने शाळकरी मुलांचा गेम बनवला होता. छापील कार्डावर मोबाइल धरला की पडद्यावर हृदय उगवून धडधडायचं आणि मुलांनी बोटाने त्यातलं रक्त योग्य वाटेने पळवायचं.

देवासहून तिरला गावच्या शाळेत पोचलो. सहावीची पोरं बाकांवर चढलेली. आईने पिशवीत भरून दिलेलं कार्ड न बघताच टेबलावर ठेवून मी फोन धरला. काहीच नाही. जवळ नेला, लांब नेला, खिडकीशी गेलो.

"भिया, कार्ड तर बघ!" नीलेश ओरडला.

कार्डभर कुंकवाचं स्वस्तिक! फोनला चित्र ओळखू येणार कसं? आईला फोन करून विचारलं, तर म्हणाली, "मग? नवी वस्तू तशीच घराबाहेर न्यायची?"

दुसरं कार्ड नव्हतं. नीलेशने कुंकवासकट कार्डाचा फोटो काढला आणि लॅपटॉपवर गेमला तोच ओळखायला लावला. पोरं "हुआ क्या, हुआ क्या" करत अंगावर येत होती आणि मी येरझारा घालत होतो. अखेर हृदय धडधडलं.

पुढच्या आठवड्यात कॉलेजात प्रोजेक्टची परीक्षा. बाहेरून आलेल्या सरांनी आमच्या रिपोर्टात छापलेल्या स्वच्छ कार्डावर फोन धरला. काहीच नाही.

"चलता नहीं क्या?"

घाईघाईत माझ्या तोंडून निघून गेलं, "चलता है सर, पहले कुंकू लगाना पड़ता है."