चारशे पाहुणे, तीन सदस्य

भोरच्या एसटी स्टँडवर वेल्ह्याच्या गाडीची वाट बघताना वनिताचे कान शेजारच्या मावशी-भाच्याच्या बोलण्याकडे लागले.

“खाला, कबुतरं पाळनाऱ्यांसाठी म्या इंटरनेटवर फोरम काढलाय. रोज चारशे पाहुणे येत्यात, फुकट वाचून जात्यात. सदस्य तीनच.”

“पाहुण्यांना नावं ठेवू न्हाई, सरफराज.”

“म्हनून परवा कुलूप घातलं. आदी नाव नोंदवा, पासवर्ड घ्या, मगच आत.”

“दारातच नाव इचारतोस व्हय रं?”

“सदस्य वाढाया नकोत?”

“मग वाढलं?”

“एक कमी झाला. म्या माजाच पासवर्ड इसरलो.”

“आत दोघं हायेत की. त्यांना हाक मार.”

“त्यातली एक तुमीच हायसा, खाला. तुमचं नाव म्याच घातलं हुतं.”

“या अल्ला. चारशे लोक येऊन गेलं, आन् म्या घरात असून कुनाला चा इचारला न्हाई?”