बाराव्या गोधडीची भाकर

अकोल्याच्या बसमध्ये प्रणाली खिडकीशी बसली होती. परदेशातल्या छावण्यांत थंडीनं काकडणाऱ्या मुलांसाठी तिच्या जठारपेठेतल्या घरी गोधड्या जमत होत्या. मागच्या सीटवर दोन बाया गोधड्यांचं गाठोडं घेऊन बसल्या आणि तिनं कान टवकारले.

"शालू, बाराही गोधड्या आनल्या ना वं?"

"आनल्या वच्छलाबाई. पन घोटाया झाला. हरेकीचा शेवटचा कोपरा शिवताना मी सवयीनं, आपल्या रीतीपरमानं, भाकरीचा तुकडा आत घातला. गोधडी उपाशी कशी ठेवाव?"

"अवं, खायची वस्तू घालू नका म्हनून त्या प्रणाली मॅडमनं फोनवर तीनदा सांगतलं!"

"आठवलं ना मले, पन बारावी शिवून झाल्यावर. मंग कोपरे उसवत बसली."

"म्हंजे आता गोधड्या उपाशीच?"

"उपाशी कावून? पिवया कापडाच्या गोल भाकरी कापून आत शिवल्या."

"कापडाच्या भाकरीनं पोट भरते का?"

"गोधडीचं भरते. लेकराचं तिकडच्यायनं पाहावं."

"चाल, निस्तरलं मंग."

"अकरा निस्तरल्या. बारावीत खरी भाकर तशीच राहू देली."

"बाप्पा! कावून?"

"बारा लेकरायत एखादं तं जास्तच उपाशी असन ना."

प्रणालीनं पर्समधून कात्री काढली आणि ती मागे वळली.

"मावशी, मीच प्रणाली. ती भाकर काढा आणि मला द्या. सकाळपासून नुसत्या चहावर आहे."

 मग शालूनं पिशवीतून डबा काढला.

"वाळलेली कायले खाता? हे घ्या ताजी. अन् आना ती कात्री इकडं, बारावीचा कोपरा मीच उसवते."