भोकाचं धरण

मंडळी, ऐका! आज आधी प्रश्न, मग गोष्ट. चुलीवर दूध उतू जायला लागलं, तर बाई घाईघाईनं काय शोधते? भरलेली घागर? छे! रिकामं पातेलं शोधते! मग मला सांगा, मोल कुणाला? भरलेल्याला, की रिकाम्याला? काय हो दादा, मान तर डोलवताय, पण कुठल्या बाजूनं ते कळेना! असू द्या. घाई नको. आमच्या हैबतरावांना हे उत्तर कळायला दोन श्रावण जावे लागले.

तर, घुमटवाडी नावाचं गाव. डोंगराच्या कुशीत वरची आळी, ओढ्याच्या काठाला खालची आळी. ओढा उन्हाळ्यात इतका गरीब, की कोंबडीसुद्धा पाय न भिजवता ओलांडेल. पण डोंगरावर ढग फुटला की हाच ओढा रेड्यासारखा उधळायचा! एका साली खालच्या आळीतल्या कणग्या वाहून गेल्या, मालनबाई कोळेकरणीच्या घराची भिंत गेली, दावणीचं रेडकू गेलं. त्यावर गावानं ठरवलं, ओढ्याच्या तोंडाशी छोटं धरण बांधायचं. पण जागा कुणाची? तर हैबतराव जगदाळ्यांची. वरच्या आळीतला मातब्बर माणूस. शब्दाला पक्का, मिशीला पीळ, आणि फेटा असा, की दारातून आत जाताना आधी फेटा वाकवावा लागे!

हैबतरावांनी जागा दिली. आढेवेढे न घेता दिली. खोटं कशाला बोलू, माणूस दिलदारच होता. मालनबाईनं डोक्यावरून दगड वाहिले, अख्ख्या गावानं श्रमदान केलं, आणि दोन पुरुष उंचीची भिंत उभी राहिली.

पण भिंतीच्या तळाशी काय? भोक! म्हशीचं पारडू आरपार जाईल एवढं!

हैबतराव धरणाचं काम बघणाऱ्या इंजिनियर बाईंना म्हणाले, "मॅडम, मोरी बुजवायची राहिली जनू."

बाई म्हणाल्या, "आबा, ती बुजवायची नसतेच. हे धरण पाणी साठवायला नाही. पूर आला की तो पोटात घ्यायचा आणि दमानं खाली सोडायचा. एरवी हे रिकामंच हवं."

आता आली का पंचाईत! हैबतरावांच्या मनात निळंशार तळं, त्यात बगळे, काठावर आपण. आणि बघावं तर काय — कोरडी खडखडीत जमीन, त्यात चार शेळ्या! तरी त्यांनी पहिला पावसाळा कसाबसा गिळला. पण पुढं एक दिवस व्याही आले, बाबासाहेब निंबाळकर. व्याही म्हणजे कोण, ते मी सांगायला नको. जेवायला वाढा, पान द्या, तरी टोमणा खिशात तयार! व्याह्यांनी भिंतीवर उभं राहून खाली पाहिलं आणि म्हणाले, "हैबतराव, ह्ये धरण हाय व्हय? मला वाटलं, येशीचा दरवाजा बांधलासा!"

सगळे हसले. हैबतरावही हसले. पण मंडळी, वरून हसणारा माणूस आतून किती जळतो, ते ज्याचं त्यालाच ठाऊक असतं.

श्रावण लागला. एका सकाळी सगुणाबाई, हैबतरावांच्या घरधनीण, ओरडत बाहेर आल्या. "अवं, गोठ्याचं दार कुटं गेलं? म्हस सैपाकघरात आली की!"

"सुताराकडं दिलंय," हैबतराव म्हणाले. तोंड मात्र फिरवून.

कुठला सुतार घेऊन बसलात! दार गेलं होतं धरणावर! सागवानी दार, त्या भोकावर आतल्या बाजूनं बसवलेलं, कडेनं चिखल लिंपलेला, आणि वर ओढून काढायला जाड दोर भिंतीवर बांधून ठेवलेला. चार दिवस दाखवायचं आणि काढायचं, एवढंच मनात. पाप करताना माणूस नेहमी चारच दिवसांचं करतो, हे लक्षात ठेवा!

पाणी चढलं. भिंतीच्या काठाला वीतभर कमी इतकं चढलं. खरंच निळंशार झालं हो, बगळेसुद्धा आले! गावाला सांगितलं, "यंदा पाऊसच तसा झालाय." सोमवारी जलपूजन ठरलं. व्याह्यांना खास आवतण गेलं.

सोमवारी दुपारी भिंतीवर पाट मांडले, नारळ आला, पेढे आले. व्याही पाण्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "मानलं बुवा! माघारी घेतो माझा शब्द." झालं! हैबतरावांची छाती फुगली, ती सदऱ्याला आवरेना. याच घटकेसाठी म्हैस सैपाकघरात गेली होती ना!

आणि तेवढ्यात डोंगर दिसेनासा झाला. काळं! नुसतं काळं!

खालून मालनबाई धापा टाकत आली, मागं आळीतल्या चार बाया. हैबतरावांना वाटलं, आली भांडायला. उत्तर जिभेवर तयार होतं. पण मालनबाई हात जोडून म्हणाली, "आबा, वड्याला धारच न्हाई. मोरीत पाचोळा अडकला आसंल. वर ढग बघा कसा आलाय! तुमी पूजा करा, तुमी हायसा म्हनून आमी निवांत हाय. आमी उतरून काढतो पाचोळा." आणि तिनं पदर खोचला, लुगडं वर धरलं, आणि पाण्यात पाय घातला!

मंडळी, ती भांडली असती, तर बरं झालं असतं! भांडणाऱ्याला उत्तर देता येतं. विश्वास टाकणाऱ्याला काय उत्तर देणार?

हैबतराव कात्रीत! बोलावं, तर व्याह्यांसमोर नाक गेलं. न बोलावं, तर ही बाई खाली चाचपडणार, दार सरकलं तर पाण्याबरोबर भोकात ओढली जाणार. आणि नाहीच सरकलं, तर वरून पूर, आणि खाली चाळीस घरं! मालनबाई कमरेएवढ्या पाण्यात गेली. छातीएवढ्या गेली.

"मालन! भाईर ये!" हैबतराव असे ओरडले, की भटजींच्या हातातला नारळ पाण्यात! "पाचोळा न्हाई त्यो! म्या बुजवलंय! माझ्या गोठ्याचं दार हाय ततं!"

सगुणाबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "तरीच म्हनलं, ह्यो कोन सुतार!"

हैबतरावांनी दोर धरला, ओढला. पण एवढ्या पाण्याचा भार, दार हलतंय कशाला? जन्मात कुणापुढं हात न पसरलेला माणूस, दोन्ही हातांत दोर आणि डोळ्यांत पाणी. म्हणाला, "मला एकट्याला न्हाई जमायचं रं... या."

आधी मालनबाई आली, ओलीचिंब. तिच्या मागं बाया, मग वरची आळी, मग भटजी. आणि मंडळी, व्याही! बाबासाहेबांनी फेटा उतरवला, पाटावर ठेवला. म्हणाले, "मी हसलो नसतो, तर तुमी ह्ये केलं नसतं. सरका, मला धरू द्या." पन्नास हात एका दोराला! हय्या! हय्या! आणि दार असं निसटलं, की सगळे एकमेकांच्या मांडीवर! खाली पाणी धो धो सुटलं.

पाऊस आला तोवर धरण निम्म्यावर आलं होतं. मग जो कोसळला म्हणता! खालची आळी शाळेत जाऊन बसली. हैबतराव भिंतीच्या टोकाशी पावसात उभे, पाणी चढताना बघत. चढलं, चढलं, काठाला हात टेकवला... आणि थांबलं. ओढा खालच्या आळीच्या उंबऱ्यांपर्यंत आला आणि मुकाट्यानं परत फिरला.

दुसऱ्या दिवशी मालनबाई वर आली. हैबतराव ओसरीवर मान खाली घालून बसलेले. आता चार शब्द ऐकायचे, ही तयारी. ती म्हणाली, "आबा, धरान रिकामं झालं बगा."

बस्स! एवढंच! हैबतराव म्हणायचे, सत्काराच्या शाली लई मिळाल्या, पण त्या वाक्याएवढी ऊब कशात नव्हती. त्यानंतर दर पावसाळ्याआधी ते स्वतः मोरीत वाकून गाळ काढायचे. आणि पाहुणा आला की भिंतीवर नेऊन मोठ्या मानानं दाखवायचे, "बघा! काय बी न्हाई!"

आता तुम्ही म्हणाल, महाराज, गोष्ट गोड झाली, पण आम्ही कुठं धरण अडवलंय? अहो, जरा आठवा! कुणी भावाशी सहा वर्षं बोललेला नाही. कुणी सुनेसाठी ओठावर आलेला गोड शब्द पोटातच ठेवलाय. लोक बघतील म्हणून, व्याही हसतील म्हणून! काठोकाठ भरून बसलाय इथं! मग तो पांडुरंग आला, तर त्यानं उतरायचं कुठं? आणि तुमच्या खाली कुणीतरी राहतंय. त्याला अजून वाटतंय, पाचोळाच अडकला असेल. तो तुमच्यावर विश्वास टाकून पाण्यात उतरलाय हो.

मृदंगबुवा, जरा थांबा. टाळही थांबू द्या. मंडळी, ज्याच्या डोळ्यांपुढं आत्ता एक माणूस उभा राहिला, त्यानं नाम माझ्याबरोबर घेतलं नाही तरी चालेल. त्यानं उठावं, आणि त्या माणसाकडं जावं. मी वाट बघतो.