कपड्यांत ओळखलं नाही

आल्मुट : त्या खुर्चीत नको, पाळकबाई, तिचा मागचा पाय सैल आहे. माझा हार्टविग नीट करणार होता. इकडे या, खिडकीपाशी. अजून जवळ. हल्ली मला मोठ्याने बोलवत नाही. तुमची तक्रार तुम्ही सांगितलीत, मी ऐकली. आता मी एक गोष्ट सांगते ती शेवटपर्यंत ऐका, आणि मग क्योपकेंना काय कळवायचं ते तुम्हीच ठरवा.

मिर्याम : तक्रार माझी नाही, टीडेबाई. मी नुसता निरोप आणला. खरं सांगू का, तो निरोपही मला धड कळलेला नाही.

आल्मुट : त्यात न कळण्यासारखं काय आहे?

मिर्याम : काल सकाळी किनाऱ्याच्या मंडळाचे क्योपके चर्चच्या कार्यालयात आले. म्हणाले, तुमच्या गायकवृंदातल्या टीडेबाई आठवडाभर रोज चौदा नंबरच्या वाटेने किनाऱ्यावर येतात. मी म्हटलं, बरं. म्हणाले, तो भाग विवस्त्र पोहणाऱ्यांचा आहे. मी मनातल्या मनात तयारीला लागले. मी दक्षिणेकडची. आमच्या गावात नवरा जाऊन चार महिने झालेली बाई अशा जागी दिसली असती, तर चर्चची सभाच बसली असती. मी त्यांना म्हणणार होते की दुःखात माणसाचं काही खरं नसतं, सांभाळून घ्या. तर ते म्हणाले, त्या कपडे घालून बसतात.

आल्मुट : हो. बसत होते.

मिर्याम : काळा कोट, काळी टोपी, मोजे, बूट. आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे एकटक बघतात. लोकांना अवघडल्यासारखं होतं म्हणे.

आल्मुट : होणारच. सगळी माणसं जन्माला आल्यासारखी पहुडलेली, आणि मधोमध एक बाई बुटांसकट. मीसुद्धा कुरकुर केली असती. बघ्यांना आम्ही एरवी हाकलूनच लावतो.

मिर्याम : मग तुम्ही तशा का बसलात?

आल्मुट : त्यासाठी आधी वीलांड सांगावा लागेल. आमच्या वाऱ्याच्या आडोशापासून तीन पावलांवर त्याचा आडोसा. एकतीस उन्हाळे. एक जूनला येणार, ऑगस्ट संपला की दिसेनासा होणार. एक खांदा उतरता, गुडघ्यापासून मांडीपर्यंत शिवणीसारखा व्रण, पाठीवरचे तीळ तर मी डोळे मिटून मोजून दाखवीन. हार्टविगचं आणि त्याचं हेरिंग मासा कुठल्या लाकडाच्या धुरावर धरावा यावरून दरवर्षी भांडण. तेच भांडण, तीच लाकडं.

मिर्याम : आडनाव काय त्यांचं?

आल्मुट : माहीत नव्हतं.

मिर्याम : एकतीस वर्षांत?

आल्मुट : तिथे विचारत नाहीत. आडनाव, हुद्दा, घर, सगळं कपड्यांबरोबर वाळूत पडलेलं असतं. आमच्या बँकेतले साहेब बघा. बँकेत टीडेबाई, अहो, इथे सही करा. शनिवारी वाळूवर तेच साहेब म्हणणार, आल्मुट, तुझ्याकडे मीठ आहे का गं, माझं अंडं आळणी लागतंय. सोमवारी परत अहो, इथे सही करा. त्यांनाही त्यात काही वाटत नाही, मलाही नाही.

मिर्याम : इतकं पटकन बदलता येतं?

आल्मुट : बटणाबरोबर बदलतं.

मिर्याम : आणि कधी… रागावू नका. सुरुवातीला तरी लाज वाटली असेल?

आल्मुट : सुरुवात आठवायला हवी ना. मी तीन वर्षांची असताना आईने नेलं. तिच्या कारखान्यातली अख्खी पाळी जायची, मुलाबाळांसकट. तुम्ही मनात काहीतरी मोठं धरून बसलाय, पाळकबाई. त्यात मोठं काही नाही. पाण्यातून वर आलं की वारा सगळ्या अंगाला एकदम लागतो, चिकटणारं ओलं कापड मधे नसतं. एवढंच ते सुख. आणि शेजारच्याचं पोट आपल्यापेक्षा मोठं आहे की लहान, हे पहिल्या दिवसानंतर कुणी बघत नाही. तुमच्या आधीचे पाळकसाहेबसुद्धा यायचे.

मिर्याम : तिथे?

आल्मुट : दर शनिवारी. अर्धा उपदेश ते गाऊन करायचे, तुम्ही ऐकलं असेल. शब्द घरी लिहायचे, पण चाल बसवायला कमरेएवढं पाणी लागायचं. आम्ही वाळूवरून हात करून सांगायचो, सूर कुठे पडला ते. रविवारी तोच उपदेश काळ्या झग्यात ऐकताना माझ्या डोळ्यांना धार लागायची. देव अगदी जवळ येऊन बसल्यासारखा वाटायचा. त्यांची ओली पाठ आठवते म्हणून देव काही लांब गेला नाही.

मिर्याम : वीलांडबद्दल सांगत होतात.

आल्मुट : हो. गेल्या उन्हाळ्यात हार्टविगचे पाय गेले. काठी वाळूत रुतायची. मी म्हटलं, आता घरीच बसू. वीलांडने काही विचारलं नाही. उठला, त्याला उचललं आणि पाण्यात घेऊन गेला. मग रोजच. दोन म्हातारे, अंगावर चिंधी नाही, एक दुसऱ्याच्या कडेवर. कुणी मान वळवून बघितलं नाही. एका पोरीने फक्त वाटेतली बादली बाजूला केली. पाण्यात त्याच्या पाठीखाली हात धरून वीलांड उभा राहायचा आणि हार्टविग आभाळाकडे बघत पडायचा. अर्धा अर्धा तास. शेवटपर्यंत, सप्टेंबर उजाडला तरी. त्या वर्षी वीलांड ऑगस्टनंतरही येत राहिला.

मिर्याम : आणि मग फेब्रुवारी.

आल्मुट : मग फेब्रुवारी. दाढ काढायच्या आधी हिरडीत सुई देतात ना, ओठ आपला असून आपला नसतो? माझं सगळं अंग तसं झालं होतं. तुम्ही तेव्हा इथे नव्हता. जुने पाळकसाहेब निवृत्त झालेले, तरी हार्टविगच्या अंत्यविधीसाठी मुद्दाम आले. उपदेश गायला. मला नुसता त्यांचा जबडा हलताना दिसला. मग दारात उभी राहून हात हातात घेत होते, ऐंशीएक माणसांचे. त्यांत एक उंच माणूस, काळा सूट, टाय, टोपी काढून काखेत धरलेली. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, “हार्टविग गेला. आता कसं व्हायचं.” आणि मी म्हटलं, “आपण आलात, फार आभारी आहे. आपण त्यांच्या कामावरचे का?”

मिर्याम : तो…

आल्मुट : तो वीलांडच. त्याने माझा हात सोडला. मग म्हणाला, “तसंच समजा, टीडेबाई.” आणि गेला. कॉफीला थांबला नाही, केक घेतला नाही. मला काहीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पत्रं उघडत होते, तर एका कार्डावर नुसतं, वीलांड, चौदा नंबरची वाट. तेव्हा त्या सुटातला उतरता खांदा माझ्या डोळ्यांसमोर आला. ज्याने माझ्या नवऱ्याला कडेवर घेतलं त्याला मी दारात परकं केलं. एकतीस वर्षांत मी त्याला टायमध्ये पाहिलंच नव्हतं हो.

मिर्याम : कार्डावर पत्ता?

आल्मुट : नाही. आडनाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, विचारायचं कुणाला? किनाऱ्यावरच्या इल्सेला विचारलं, तिच्या थर्मासमधली कॉफी मी वीस वर्षं पितेय. तिलाही ठाऊक नाही. एकच गोष्ट पक्की होती, एक जून. पण वाटलं, रागावला असेल, आला तर आधीच येऊन दुसरीकडे जागा धरेल. म्हणून चोवीस मेपासूनच जाऊन बसले. तोंडपाठ करून ठेवलं होतं काय म्हणायचं ते.

मिर्याम : पण कपडे का नाही काढलेत? तुम्हाला तर सवय.

आल्मुट : हात बटणापर्यंत जायचा. मग कळायचंच नाही की कशासाठी. ऊन लागत नव्हतं, वारा लागत नव्हता. अंगच नव्हतं, तर उघडं काय करायचं? शोक म्हणून नव्हे, पाळकबाई, शोक करणाऱ्याला काहीतरी वाटत असतं. मी आपली बसले. तिसऱ्या दिवशी एक नवी बाई आली, अगदी नम्रपणे म्हणाली, “अहो, कापडवाल्यांचा भाग बारा नंबरला आहे, तिथे तुम्हाला जास्त मोकळं वाटेल.” कपडे घालणाऱ्यांना आम्ही कापडवाले म्हणतो. उभ्या जन्मात मला कुणी कापडवाली म्हटलं नव्हतं. इल्से आली, ती लांबून मान हलवून गेली, परक्याला करतात तशी. घरी भेटते तेव्हा मला ओळखते, पण तिथे कोट घालून बसलेली बाई मी असेन हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

मिर्याम : क्योपकेंनी मात्र ओळखलं.

आल्मुट : तो मागच्या गल्लीतला. त्याची माझी ओळखच कपड्यांतली. किनाऱ्याच्या मंडळाचा अध्यक्ष आहे, पण येतो तो पाट्या सरळ आहेत का बघायला. पाण्यात पाय घातलेला कुणी पाहिला नाही.

मिर्याम : आणि वीलांड आले?

आल्मुट : काल. नववा दिवस. मी त्याला वाळूच्या टेकडीवरूनच ओळखलं, व्रण दिसायच्याही आधी, चालण्यावरून. आडोसा रोवला, कपडे काढून घडी घातली, आणि पाण्याकडे निघाला तो माझ्याच समोरून. माझ्याकडे बघितलं. तीन महिने घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. तो म्हणाला, “नमस्कार बाई. वारा फिरलाय, पाठ करून बसा म्हणजे वाळू डोळ्यांत जाणार नाही.” आणि पुढे गेला.

मिर्याम : ओळखलं नाही त्यांनी?

आल्मुट : नाही.

मिर्याम : हाक मारायची होतीत.

आल्मुट : हाक मारून तरी काय, त्या कोटातून मी कोण म्हणून बोलणार होते? तेव्हा पहिल्यांदा कळलं कशासाठी काढायचं ते. टोपी काढली. कोट. झगा. मोजे काढायला वाकले तर तोल गेला, हार्टविग धरायचा तेव्हा. वाळूत बसून काढले. सगळं घडी घालून बुटांवर ठेवलं आणि गेले पाण्यात. बारा अंश असेल. तो कमरेएवढ्या पाण्यात पाठमोरा उभा होता. वळला आणि म्हणाला, “आल्मुट. तू कधी आलीस?”

(आल्मुट मिर्यामच्या पेल्यात कॉफी ओतते.)

आल्मुट : मी म्हटलं, नऊ दिवस झाले, ती काळी टोपी मीच. तो हसला नाही. मग म्हणाला, त्या दिवशी चर्चमध्ये तोही आधी हार्टविगच्या बहिणीकडे गेला होता. काळा कोट, तेवढीच उंची. ती मीच समजून, तिचे हात धरून पाण्याचं, आभाळाचं, सगळं सांगत बसला. ती म्हणाली, मी श्वेरीनहून आले, विधवा तिकडे उभी आहे. मग माझ्याकडे आला, तर मी त्याला आपण म्हटलं. त्याला काय वाटलं माहीत आहे? म्हणाला, “मला वाटलं, देवाच्या दारात तुला आमची ओळख नको आहे. तिकडची माणसं तिकडेच बरी.” सबंध वसंत हेच घेऊन बसला होता. कालही, पोहून सामान उचलणार होता तो कायमचं.

मिर्याम : तुम्ही काय म्हणालात?

आल्मुट : घोकलेलं सगळं विसरले. म्हटलं, “मी लाजले नाही, वीलांड. ओळखलं नाही. सुटात तू कुणीतरी वेगळाच होतास.”

मिर्याम : आणि ते?

आल्मुट : “बरं,” म्हणाला.

मिर्याम : एवढंच?

आल्मुट : आमच्याकडे तेवढं पुष्कळ होतं. सामान उचललं नाही.

मिर्याम : रडलात का मग? मोकळं वाटलं?

आल्मुट : नाही. तुम्हाला आवडेल असं काही झालं नाही. पाणी गार आहे एवढं कळलं. फेब्रुवारीपासून कॉफी गरम आहे की गार तेही कळत नव्हतं, त्या मानाने ते बरंच म्हणायचं. अजूनही फारसं काही वाटत नाही.

मिर्याम : क्योपकेंना काय सांगू?

आल्मुट : आजपासून त्यांची अडचण दूर झाली म्हणावं. सकाळीच जाऊन आले, नियमाप्रमाणे.

मिर्याम : मी… एखाद्या दिवशी तुमच्याबरोबर आले तर? कपड्यांचं मला जमेल की नाही, ठाऊक नाही.

आल्मुट : या. नाही जमलं तर बारा नंबरला सोडून येईन, रागावणार नाही. पण जमलं तर तिथे मी पाळकबाई म्हणणार नाही.

मिर्याम : मग काय म्हणाल?

आल्मुट : मिर्याम. आणि चल, पाय उचल, म्हणेन.

मिर्याम : चालेल. निघते आता. गाण्याच्या तालमीला मंगळवारी याल ना?

आल्मुट : बघू. आवाज निघाला तर. थांबा, एक राहिलं. काल पाण्यात उभ्या उभ्या मी वीलांडला कपड्यांतल्यासारखे प्रश्न विचारले. कुठे राहतोस, घरी कोण. तर तो राहतो इथून बसने तीन थांब्यांवर. आम्हाला वाटायचं, लांबून उन्हाळ्यापुरता येणारा कुणी असेल. आणि घरी बायको आहे, मारलीस. अकरा वर्षं अंथरुणावर. उन्हाळ्यात सकाळी शेजारीण तिच्यापाशी बसते तेवढा वेळ तो पोहतो, आणि दहाच्या बसने परत. आम्ही समजायचो, त्याला ऊन सोसत नाही. हार्टविगला अर्धा तास पाण्यावर धरून ठेवायचा, तो त्याच्या स्वतःच्या वाट्यातला अर्धा तास होता, पाळकबाई, आणि त्याने कधी म्हटलं नाही.

मिर्याम : तुम्ही भेटलात त्यांना?

आल्मुट : बुधवारी जाणार आहे, केक घेऊन. पण रविवार त्याच्या आधी येतो. प्रार्थनेत आजाऱ्यांची नावं तुम्ही गाऊन घेता ना? हार्टविगसाठी प्रार्थना आता पुष्कळ झाली. एकतीस उन्हाळे आम्ही तिच्या नवऱ्याशेजारी ऊन खात पडलो आणि तिचं नाव कुणी विचारलं नाही. मारलीस. तुम्ही तेवढी तिची आठवण ठेवा.